कामाची जागा, उजेडाची वेळ: गावातलं रोजचं दृश्य फोटोत कसं आणावं

प्रश्न असा आहे: 'मी खेड्यात राहतो. फोटोग्राफीची आवड आहे, पण समोर रोज तोच गोठा, तीच पायवाट, तीच माणसं. बाहेरून आलेले लोक इथेच सुंदर फोटो काढून जातात आणि माझे फोटो मात्र सपाट येतात, नुसती नोंद केल्यासारखे. रोजच्या दृश्यातलं सौंदर्य दिसेल अशी नजर कशी तयार करायची?'

माझ्या मते नजर तुमच्याकडे आहेच. गोठ्याचं दार सकाळी कोण उघडतं, कुठल्या भिंतीवर ऊन आधी येतं, विहिरीवर वर्दळ कधी असते, कुठलं जनावर अनोळखी माणसाला बुजतं, हे तुम्ही विचार न करता सांगाल. बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला एवढं कळायलाच बरेच दिवस लागतात आणि बहुतेकांकडे तेवढे दिवस नसतात. म्हणून ते नव्यानं दिसलेल्या रंगांवर आणि चेहऱ्यांवर भागवतात. त्यांचे फोटो तुम्हाला सुंदर वाटतात ते मुख्यतः त्यांनी उजेड ओळखून काढलेले असतात म्हणून. तेवढा भाग शिकता येतो. गाव आतून माहीत असणं मात्र कुणाला शिकवता येत नाही.

तेव्हा माझं उत्तर हे: सुंदर वस्तूंच्या मागे लागू नका. गावात काम कुठे आणि कधी चालतं ते बघा. त्या जागी उजेड कधी आणि कुठून येतो ते बघा. ही दोन वेळापत्रकं जिथे जुळतात तिथे थोडं आधी जाऊन उभे राहा. पुढचं सगळं याचाच विस्तार आहे.

साध्या ग्रामीण दृश्याचा फोटो काढणं म्हणजे काही दुय्यम काम नव्हे. फोटोग्राफीची सुरुवातच तिथे झाली. आज उपलब्ध असलेला कॅमेऱ्यानं घेतलेला सर्वांत जुना फोटो फ्रेंच संशोधक निसेफोर निएप्सनं १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समधल्या आपल्या खेड्यातल्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतला. त्यात काय आहे? कबुतरखाना, कोठाराचं उतरतं छप्पर, एक झाड. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा थर देऊन त्यानं तो उमटवला. उजेडाला इतका वेळ लागला की सूर्य आकाशात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि इमारतींच्या समोरासमोरच्या भिंतींवर ऊन दिसतं. त्यानंतर १८४४ साली इंग्लंडमध्ये फोटोग्राफीचा आद्य संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटनं एका उघड्या दाराचा फोटो घेतला. दाराला टेकवलेला खराटा, भिंतीला अडकवलेला कंदील आणि घोड्याचा लगाम, आत काळोख आणि त्या काळोखात मागची एक पुसट खिडकी. असं चित्र त्यानं आधीही करून पाहिलं होतं. नेहमीच्या माणसाला जिथे विशेष काही दिसत नाही तिथे चित्रकाराची नजर अडकते, असं त्यानं या फोटोबद्दल लिहून ठेवलं. त्या फोटोत माणूस नाही, पण काम आहे: कुणीतरी आत्ताच झाडून खराटा टेकवून गेलं आहे. मला तो फोटो आजही शिकवतो.

आता उजेड. यावर मी सर्वांत जास्त बोलणार आहे, कारण सपाट फोटोचं कारण दहात नऊ वेळा इथेच असतं.

फोटो काढणारा सहसा सूर्य पाठीशी घेऊन उभा राहतो. तसं केलं की समोरच्या प्रत्येक वस्तूची सावली तिच्या मागे लपते. सावली दिसली नाही की खोली दिसत नाही, पोत दिसत नाही. म्हणून पहिला बदल एवढाच करा: सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे घ्या. नांगरलेल्या शेताचे तास, गवताची गंजी, विटांची भिंत, म्हाताऱ्या हातांवरच्या शिरा, सगळं उठून दिसू लागेल. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो तेव्हा सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते, ३० अंशांवर पावणेदोन पट, आणि १० अंशांवर साडेपाच पटींहून जास्त. पायवाटेवरून चालत जाणाऱ्या माणसाची सावली शेजारच्या बांधापर्यंत पोचते ती अशा वेळी. विषुववृत्ताच्या जवळपास सूर्य जवळजवळ सरळ रेषेत खाली उतरतो, तासाला सुमारे १५ अंश. म्हणजे शेवटचे ६ अंश जेमतेम २४ मिनिटांत संपतात. ध्रुवांकडे जावं तसा हा वेळ लांबत जातो. तुमच्याकडे तो किती टिकतो हे घड्याळ लावून एकदा बघून ठेवा. ऊन पडल्यावर कॅमेरा आणायला घरात गेलात तर निम्मा वेळ जिन्यातच जातो.

दुसरा बदल थोडा धाडसाचा: कधीकधी सूर्याच्या दिशेनंच कॅमेरा धरा. धूळ, धूर, दव, कोळ्याचं जाळं, जनावरांच्या कानांवरची लव, पाखडताना उडणारा भुसा, हे सगळं समोरून येणाऱ्या उजेडातच खऱ्या अर्थानं दिसतं. हवेतले बारीक कण उजेडाला जास्त करून पुढच्या दिशेला पसरवतात. म्हणून सूर्य पाठीशी असताना जी धूळ जवळजवळ दिसतच नाही, तीच सूर्य समोर असताना पेटल्यासारखी झळाळते. पण तिच्या मागे काहीतरी गडद हवं: झाडांची राई, सावलीतली भिंत, कोठाराचं उघडं दार. मागे फटफटीत आकाश असेल तर धूळ त्यात विरून जाते. चुलीच्या धुराचं तर आणखी गमतीचं आहे. गडद पार्श्वभूमीपुढे तो निळसर दिसतो आणि उजळ आकाशापुढे पिवळट तपकिरी. धूर तोच, फक्त तुम्ही दोन पावलं सरकलेला असता. सूर्य थेट भिंगात येऊ देऊ नका. तो झाडाच्या फांदीमागे किंवा छपराच्या कडेमागे लपेल असे उभे राहा. आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा आरशाच्या कॅमेऱ्याच्या (डीएसएलआर) व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, टक लावून कधीच बघू नका.

सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचं कौतुक इतकं झालं आहे की भर दुपारी कॅमेरा ठेवून द्यायचा असतो असंच नवशिक्यांना वाटतं. मला हे पटत नाही. दुपारचं ऊन उभ्या भिंतींवर वरून खाली घासत उतरतं. मातीच्या भिंतीवरचे लिंपणाऱ्या हाताचे फराटे, चुन्याचे पोपडे, लाकडी दारावरचे खिळे आणि तडे त्या तासा-दीड तासात जेवढे स्पष्ट दिसतात तेवढे दुसऱ्या कुठल्याच वेळी दिसत नाहीत. शिवाय अंगणात कडक ऊन असलं की ते जमिनीवरून उसळून ओसरीत, पडवीत शिरतं. तिथे सावलीत बसून दोरी वळणाऱ्या किंवा धान्य निवडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून आणि समोरून इतका मऊ उजेड येतो की कुठल्याही स्टुडिओला हेवा वाटावा. मागच्या खोलीत काळोख असेल तर उत्तमच. माणूस उंबरठ्यापासून हात-दोन हात आत असू द्या, उन्हाची तिरीप त्याच्यावर न पडेल इतपत. जसजसे आत जाल तसा उजेड झपाट्यानं कमी होतो, म्हणून एक पाऊलही फरक करतं.

ढगाळ दिवस रंगांसाठी चांगला, फक्त आकाश चौकटीबाहेर ठेवा. पाऊस थांबल्यावरचा अर्धा तास मी कधी सोडत नाही. ओल्या वस्तूंवर पाण्याचा पातळ थर असतो, पृष्ठभागावरून विखुरणारा पांढरट उजेड कमी होतो आणि माती, खोड, दगड, कौलं यांचे रंग गडद होतात. पानांवरची चकाकी जास्त वाटली तर पोलरायझर फिल्टर फिरवून ती कमी करता येते. सगळीच घालवू नका, ओलेपणा त्या चकाकीतूनच कळतो.

रंगाबद्दल एक तांत्रिक गोष्ट. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर (उजेडाचा रंग आपोआप जुळवण्यावर) असेल तर तो संध्याकाळचं पिवळं ऊन आणि चुलीची तांबूस झळ दुरुस्त करून पांढरी करायला बघतो. जे टिपायला तुम्ही गेलात तेच तो पुसतो. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवून द्या. तसंच एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याचं. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर धरून चालतं की समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे. त्यामुळे पांढरी गाय मळकी येते आणि काळी म्हैस राखाडी. पांढऱ्यासाठी साधारण एक स्टॉप वाढवा (म्हणजे उजेड दुप्पट), काळ्यासाठी एक स्टॉप कमी करा (म्हणजे निम्मा), मग बघून ठरवा.

उजेड कळला की कामाकडे वळू. गावातली बहुतेक हातची कामं फिरून फिरून त्याच हालचालींनी होतात. कुदळ वर जाते, क्षणभर थांबते, खाली येते. दोर ओढताना शरीर मागे झुकतं, मग हात पुढे जातो. सूप झटकलं की धान्य वर उडतं आणि परत सुपात पडतं. फोटो काढायला सुरुवात करण्याआधी ही आवर्तनं नुसती बघा. प्रत्येक कामात एक बिंदू असतो जिथे शरीर पूर्ण ताणलेलं असतं किंवा दिशा बदलायच्या आधी स्थिर होतं. त्या बिंदूवर हालचालही कमी असते आणि आकारही सर्वांत बोलका असतो. तो क्षण डोळ्यांना दिसल्यावर बटण दाबलंत तर उशीर झालेला असतो. ताल अंगात भिनला की बोट आपोआप किंचित आधी दाबलं जातं. उडणारे दाणे थांबलेले हवे असतील तर शटर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ) १/५०० ते १/१००० सेकंद ठेवा. हातांची हालचाल दिसायला हवी असेल तर १/१५ ते १/३०, कॅमेरा कशावर तरी टेकवून. चाक, जातं, रहाट अशा फिरत्या गोष्टींना थोडा अस्पष्टपणा शोभतो. शटर फार जलद ठेवलं की ते बंद पडल्यासारखे दिसतात.

कॅमेऱ्याची उंची बदला. काम करणारा माणूस बसलेला असेल तर तुम्हीही बसा. उभ्यानं घेतलेल्या फोटोत त्याचं डोकं दिसतं, काम झाकलं जातं, आणि बघणाऱ्याला नकळत वरून बघायला लावलं जातं. वासरू, कोंबड्या, शेळ्या यांच्यासाठी गुडघे टेकावे लागतात, कपडे मळतात, इलाज नाही. चौकटीबद्दल फार नियम मी सांगत नाही. दोनच गोष्टी तपासा: क्षितिज किंवा छपराची कड माणसाच्या मानेतून तर जात नाही ना, आणि चौकटीच्या चारही कडांना काय चाललं आहे. हाताचं बोट किंवा जनावराचं शेपूट कापलं जातं ते कडेलाच.

मोबाइल असेल तरी हे सगळं लागू आहे. त्याची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीच्या तोडीची, म्हणजे बरीच रुंद असते. जवळून चेहरा घेतला तर नाक मोठं येतं. मागे सरका आणि फोनमध्ये खरी २एक्स (दुप्पट जवळ आणणारी) सोय असेल तर ती वापरा. फोनची दुसरी सवय म्हणजे सावल्या उजळणं. काळोख्या दारातून बाहेर पडणारा माणूस तुम्हाला आवडला तो काळोखामुळेच, आणि फोन नेमका तो काळोख धुऊन टाकतो. उजळ भागावर बोट दाबून ठेवा म्हणजे एक्स्पोजर कुलूपबंद होईल, मग ते खाली ओढा. काळं काळं राहू द्या.

आता एक मतभेदाचा मुद्दा, ज्यावर मी ठाम आहे. फोटो 'गावासारखा' दिसावा म्हणून अनेकजण प्लास्टिकचा ड्रम हलवतात, विजेच्या तारा पुसतात, निळी ताडपत्री चौकटीबाहेर ठेवतात, ट्रॅक्टर टाळतात. मग जे उरतं ते कुठल्याच गावात आज नाही. ताडपत्रीनं भिजणारं धान्य वाचवलं आहे, ड्रमात पाणी साठवलं आहे, टायर कापून जनावरांचं घमेलं केलं आहे. या वस्तू म्हणजे तिथल्या माणसांचे निर्णय आहेत, त्यांची हुशारी आहे. निळ्या ताडपत्रीतून झिरपणारा उजेड आतल्या माणसांवर कसा पडतो हे एकदा बघा. वस्तू हलवण्याचा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत १९३६ च्या दुष्काळात सरकारी पुनर्वसन खात्यासाठी काम करणाऱ्या फोटोग्राफर आर्थर रॉथस्टीननं भेगाळलेल्या जमिनीवर पडलेली एका बैलाची कवटी थोडी इकडेतिकडे ठेवून वेगवेगळे फोटो घेतले. ते वर्ष निवडणुकीचं होतं. विरोधी वर्तमानपत्रांनी फोटो बनावट असल्याची हाकाटी केली आणि दुष्काळ खरा असूनही चर्चा कवटीचीच झाली. सजावटीचा फोटो काढायचा असेल तर तसं सांगून काढा. पण रोजचं दृश्य म्हणून दाखवणार असाल तर स्वतः हला, वस्तू हलवू नका. पाऊलभर बाजूला झाल्यानं जेवढं साधतं तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

माणसांचे फोटो काढताना परवानगी घ्या हे तुम्ही ऐकलंच असेल. तुम्ही त्याच गावचे असल्यानं तुमच्यावर जबाबदारी जास्त आहे, कारण लोक तुम्हाला संकोचानं 'नको' म्हणणार नाहीत. म्हणून नुसत्या होकारावर थांबू नका, चेहरा वाचा. फाटके कपडे, आजारपण, भांडणाचा दिवस, अशा वेळी कॅमेरा खाली ठेवावा. लहान मुलांसाठी घरच्यांना विचारावं. दारिद्र्यावर सुंदर ऊन पडलं म्हणून दारिद्र्य सुंदर होत नाही. काम करणाऱ्याचं कौशल्य, त्याची एकाग्रता, त्याच्या अवजाराला आलेली झिलई यांत जे सौंदर्य आहे ते त्याचं स्वतःचं आहे, आणि ते दाखवलेलं त्यालाही आवडतं. फोटो त्याच्यासमोर धरायला तुम्हाला अवघड वाटत असेल तर तो कुणालाच दाखवू नका.

नाव विचारा. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगनं १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो घेतला, तो जगभर पोचला. आपण तिचं नाव किंवा तिची हकीकत विचारली नाही, असं लँगनं नंतर स्वतःच लिहिलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली, आणि आपला चेहरा असा सगळीकडे वापरला गेल्याची तिला खंत होती. लँगचं काम मोठं आहे याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला वाटतं.

सरावाचं म्हणाल तर एकच जागा निवडा. घरापासून चालत जाता येईल अशी, जिथे काम चालतं अशी: पाणवठा, गोठ्याचं दार, खळं, चौकातलं झाड. तिथे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत जात राहा. सूर्योदयाची जागा वर्षभरात क्षितिजावर बरीच सरकते, त्यामुळे जी भिंत उन्हाळ्यात सकाळी उजळते ती हिवाळ्यात सावलीत राहू शकते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८९०-९१ मध्ये आपल्या घराजवळच्या शेतातल्या गंज्या रंगवल्या तेव्हा तो अनेक कॅनव्हास सोबत ठेवायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. विषय हललाच नाही, तरी दोन चित्रं सारखी नाहीत. तुमच्या वहीत प्रत्येक जागेपुढे दोन गोष्टी टिपा: ऊन कधी आणि कुठून येतं, आणि तिथे कुठलं काम कधी चालतं. थोड्याच काळात तुमच्याकडे असा तक्ता होईल जो बाहेरच्या कुठल्याही फोटोग्राफरकडे असणं शक्य नाही.

एका कामाचे फोटो काढताना तीन अंतरांवरून काढा: लांबून जागा कळेल असा, मधून माणूस आणि काम कळेल असा, आणि जवळून फक्त हात, गाठ, धार, पोत. एकटा फोटो सुंदर असतो, पण तिन्ही शेजारी ठेवले की काम समजतं. निवड त्याच दिवशी करू नका. काढतानाचा आनंद ताजा असतो तोवर सगळेच चांगले वाटतात. संस्करण करताना हिरवा रंग वाढवण्याचा मोह आवरा. खऱ्या शेतातल्या हिरव्यात पिवळा भरपूर असतो. कृष्णधवल करायचं असेल तर फोटो रंगामुळे उभा आहे की आकारामुळे, हे आधी ठरवा. रंग काढल्यावर काही हरवत नसेल तर करा.

शेवटी फोटोखालच्या मजकुराचं. प्रत्येक निवडलेल्या फोटोला तारीख, जागा, माणसाचं नाव (त्याची हरकत नसेल तर), काम, आणि त्या अवजाराला तुमच्या गावात जे म्हणतात तो शब्द, एवढं लिहा. अवजारं नाहीशी होतात, त्यांच्या भागांची नावं तर त्याआधीच विसरली जातात. नांगराच्या फोटोखाली नुसतं 'नांगर' लिहिण्यापेक्षा त्याच्या प्रत्येक भागाचं नाव एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारून लिहिलंत तर तो फोटो पुढच्या पिढीला सुंदर तर वाटेलच, उपयोगीही पडेल. ही माहिती वेगळ्या वहीत तर ठेवाच, पण फाइलच्या आतल्या मेटाडेटातही (फोटोसोबत साठवलेल्या माहितीतही) भरा. चॅटवरून पाठवलेल्या प्रतीतून मेटाडेटा बहुधा गळतो, म्हणून मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपा. आणि ज्याचा फोटो काढलात त्याला छापील प्रत नेऊन द्या. ती बघताना तो काय बोलतो ते लक्ष देऊन ऐका. 'हात असा नाही धरत, तू अंमळ आधी काढलास' असं काहीतरी तो सांगेल, आणि पुढच्या वेळी बटण कधी दाबायचं ते तुम्हाला कळेल.